पवित्र गायन : संकटकाळी ख्रिस्ती जनांचे बळ
(धर्मग्रामाच्या ज्युबिलीप्रसंगी दिलेले व्याख्यान)



आज ज्या उत्सवासाठी आपण एकत्र आलो आहोत, त्याचे नावच मुळी एका वाद्यावरून पडले आहे. ‘ज्युबिली’ हा शब्द ‘योबेल’ या हिब्रू शब्दापासून निघाला असून त्याचा अर्थ मेंढ्याचे शिंग असा आहे. पन्नासाव्या वर्षी शिंग फुंकून मुक्तीचे वर्ष जाहीर करावे, विकली गेलेली जमीन मूळ कुळाकडे परत जावी, आणि दास झालेला मनुष्य मोकळा होऊन आपल्या घरी जावा, अशी व्यवस्था लेवीय ग्रंथाच्या २५ व्या अध्यायात सांगितली आहे. गरिबाच्या सुटकेची वार्ता त्या काळी अशा रीतीने नादरूपाने कानी येत असे. म्हणून ज्युबिलीच्या दिवशी गायनाविषयी बोलणे अप्रस्तुत होणार नाही, असे मला वाटते.

आपल्या धर्मग्रामाच्या इमारती कशा उभ्या राहिल्या, कोणी किती श्रम केले, हे या स्मरणिकेत अन्यत्र येईलच. मी जिच्याविषयी बोलणार आहे ती संपत्ती हिशेबाच्या वहीत सापडत नाही. ती आपल्या ओठांवर आहे. भाविकांनी वर्षानुवर्षे म्हटलेली स्तोत्रे, भजने, पवित्र मरियेची गीते आणि क्रूसाच्या वाटेवरील पदे ही ती संपत्ती होय. सुखाच्या दिवसांत ती उत्सवाची शोभा वाटते. परंतु तिची खरी किंमत कळते ती संकट आल्यावर. माझे आजचे सांगणे थोडक्यात एवढेच आहे की, पुस्तक हातून गेले, मंदिराचे दार बंद झाले आणि धर्मगुरू भेटेनासा झाला, तरी जे गीत मुखोद्गत झालेले असते ते माणसाजवळ राहते, आणि त्या गीताच्या आश्रयाने श्रद्धाही राहते. जे मुखोद्गत नाही, ते मात्र गरजेच्या वेळी आपल्यापाशी नसते.

प्रथम पवित्र शास्त्राकडे वळू. प्रभू येशूने आपल्या शिष्यांसह शेवटचे भोजन केले आणि नंतर ते जैतुनाच्या डोंगराकडे निघाले, ते स्तोत्र गाऊन निघाले, असे मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. वल्हांडणाच्या रात्री इस्राएल लोक जी स्तुतिस्तोत्रे म्हणत, त्यांपैकीच ते असावे, असे शास्त्रीपंडित मानतात. पुढे काय होणार हे प्रभूस ठाऊक होते. विश्वासघात, बाग, घाम आणि क्रूस हे सर्व अवघ्या काही घटकांवर येऊन ठेपले होते. अशा वेळी त्याने नवे भाषण रचले नाही. लहानपणापासून पाठ असलेली, आपल्या लोकांची जुनी स्तोत्रे त्याने शिष्यांबरोबर गाइली.

दुसरे उदाहरण प्रेषितांची कृत्ये या ग्रंथाच्या १६ व्या अध्यायातील. फिलिप्पी नगरात पौल आणि सीला यांना छड्यांचे फटके मारून आतल्या कोठडीत टाकले होते आणि त्यांचे पाय खोड्यात अडकविले होते. मध्यरात्री ते प्रार्थना करीत होते, गीते गात होते, आणि इतर बंदिवान ऐकत होते. नंतर भूकंप झाला आणि दारे उघडली. हा क्रम आपण नीट ध्यानात घेतला पाहिजे. गीत आधी आहे आणि भूकंप मागाहून आहे. सुटका झाल्याच्या आनंदात कोणीही गाईल. पण या दोघांनी दार बंद असताना, अंगावरील वळ ताजे असताना गाइले. आणि शेजारच्या कोठड्यांतील माणसांनी, ज्यांना ख्रिस्ताचे नावही ठाऊक नव्हते, त्यांनी ते ऐकले.

कोणी म्हणेल, ते प्रेषित होते. सामान्य माणसाला दुःखात रडू येते, गाणे सुचत नाही. ही गोष्ट खरी आहे, आणि पवित्र शास्त्र तिचा अव्हेर करीत नाही. स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रे आहेत, त्यांपैकी पुष्कळशी विलापाची आहेत. बाबेलच्या बंदिवासात नेलेल्या लोकांनी आपली वाद्ये झाडांना टांगून ठेवली आणि परक्या भूमीत गावे कसे असा प्रश्न केला, हे १३७ व्या स्तोत्रात आलेच आहे. तथापि नवल असे की, गाता येत नाही ही त्यांची तक्रारच स्तोत्र होऊन बसली, आणि अडीच हजार वर्षे लोक ती गात आले आहेत. यावरून दिसून येते की, पवित्र गायन दुःख झाकीत नाही. ते दुःखाला देवासमोर उभे राहण्यापुरते शब्द देते. एकट्याच्या शोकाला शब्द फुटत नाहीत, तेव्हा पूर्वजांनी रचून ठेवलेले शब्द त्याच्या कामी येतात.

आता ख्रिस्तसभेच्या इतिहासातील एक प्रसंग पाहू. सन ३८६ मध्ये इटलीतील मिलान नगरीत संत अँब्रोज हे महागुरू होते. बालसम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन याची माता जस्टिना ही आरियस पंथाची कैवारी होती, आणि नगरातील एक ख्रिस्तमंदिर त्या पंथाच्या स्वाधीन करावे असा तिचा हुकूम होता. महागुरूंनी तो मानला नाही. लोकांनी मंदिरात रात्रंदिवस जागरण आरंभिले आणि बाहेर सैनिकांचा वेढा पडला. संत ऑगस्टिन आपल्या ‘कबुलीजबाब’ या ग्रंथाच्या नवव्या भागात सांगतात की, शोकाने आणि कंटाळ्याने लोकांचे मन खचून जाऊ नये म्हणून त्याच वेळी पूर्वेकडील रीतीप्रमाणे स्तोत्रे व गीते सर्वांनी मिळून गाण्याचा प्रघात तेथे पडला. जागरण करणाऱ्यांत ऑगस्टिन यांची माता संत मोनिका ही अग्रभागी होती. ऑगस्टिन यांना स्वतः स्नानसंस्कार मिळाला तो पुढील वर्षी, सन ३८७ च्या ईस्टरच्या रात्री, आणि त्या दिवसांत ती गीते ऐकून आपले डोळे कसे पाझरत, हेही त्यांनी लिहून ठेवले आहे.

संत अँब्रोज यांच्या गीतांची बांधणीही लक्षात ठेवण्यासारखी आहे. चार लहान चरण, प्रत्येकी आठ अक्षरे, आणि मग पुढचे कडवे. निरक्षर माणसाने दोनदा ऐकावे आणि तिसऱ्यांदा म्हणावे, इतके ते सोपे. ते गीत वेढ्यात अडकलेल्या लोकांसाठी होते. गवयांच्या बैठकीसाठी नव्हते.

मिलानहून आता आपल्या मायभाषेकडे येऊ, कारण अशी सोपी बांधणी आपल्याही भाषेत आहे आणि ती आपण सर्व जाणता. ती म्हणजे ओवी. जात्यावर बसलेल्या आपल्या आयाआज्यांची ओवी, आणि श्री ज्ञानेश्वरांच्या ग्रंथाचीही ओवी. इंग्लंडात सन १५४९ मध्ये जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स हे १५७९ साली गोव्यास आले आणि सुमारे चाळीस वर्षे, म्हणजे १६१९ साली देवाघरी जाईपर्यंत, त्या भूमीत राहिले. नवख्रिस्ती लोकांनी पूर्वीची पुराणे सोडली होती. त्यांच्या जागी आम्हांस गाण्यावाचण्याजोगे काही द्या, अशी त्यांची मागणी होती. फादरांनी ती मानली आणि मराठी ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रचले. त्याचा पहिला भाग जुन्या करारावर, तर दुसरा प्रभू येशूच्या चरित्रावर आहे. दोन्ही मिळून ओव्यांची संख्या सुमारे अकरा हजार होते. १६१६ साली राशोल येथे तो रोमन लिपीत छापला गेला, आणि पुढे १६४९ व १६५४ साली पुन्हा छापला गेला. मंदिरांतून, रविवारी व सणाच्या दिवशी, लोक तो मोठ्याने वाचीत आणि गात.

त्यानंतर मात्र वाईट दिवस आले, आणि ते प्रथम परधर्मीयांनी आणले नाहीत, हे आपण प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. १६८४ साली गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयाने हुकूम काढला की, लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली बोली टाकून पोर्तुगीज भाषा उचलावी. राज्यकर्ते ख्रिस्ती, आणि प्रजेच्या मुखातील ख्रिस्ती गीतावर गदा आली ती त्यांच्याच हातून! १६५४ नंतर हा ग्रंथ पुन्हा छापला गेला तो थेट १९०७ साली, मंगळूर येथे, श्री. जोसेफ साल्ढाणा यांच्या संपादनाने. मध्ये अडीचशे वर्षे लोटली. एवढ्या काळात तो टिकला कसा? काही घरांनी हाताने नकला करून ठेवल्या, आणि कुटुंबांनी तो म्हणण्याचा परिपाठ सोडला नाही, म्हणून टिकला.

मंगळुरास तो कसा पोहोचला, हेही सांगितले पाहिजे. गोव्यातून दक्षिणेस कानडा प्रांतात जाऊन वसलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी आपल्या सामानसुमानाबरोबर ख्रिस्तपुराणही नेले. १७८४ साली, भस्म बुधवारच्या सुमारास, टिपू सुलतानाने या लोकांवर इंग्रजांना साह्य केल्याचा ठपका ठेवून हजारो स्त्रीपुरुषांना, मुलांबाळांसह, कैद करविले आणि घाट चढवून श्रीरंगपट्टणास नेले. त्यांची मंदिरे पाडली गेली आणि धर्मगुरूंना देशाबाहेर घालविण्यात आले. पुष्कळ लोक वाटेत व बंदिवासात मरण पावले. ४ मे १७९९ रोजी टिपूचा अंत झाला तेव्हा उरलेले परतले. पंधरा वर्षे मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, उपदेश नाही. त्या दीर्घ बंदिवासात ख्रिस्तपुराणाच्या ओव्यांनी आपल्या पूर्वजांना धीर दिला आणि श्रद्धेत राखले, अशी तेथील ख्रिस्ती लोकांची परंपरा सांगते. हा इतिहास मी कोणाविषयी द्वेष उत्पन्न व्हावा म्हणून सांगत नाही. राजे येतात आणि जातात. मला दिसते ते एवढेच की, एका इंग्रज धर्मगुरूने मराठीत रचलेली ओवी कोंकणी बोलणाऱ्या माणसांच्या ओठांवर बसून कर्नाटकातील बंदिवासात गेली, आणि जेथे एकही धर्मगुरू नव्हता तेथे तिने धर्मगुरूच्या उपदेशाचे काम केले.

असेच एक उदाहरण दूर जपानात आहे. तेथे १६१४ साली ख्रिस्ती धर्मास बंदी झाली आणि पुढे धर्मगुरू उरले नाहीत. नागासाकीच्या आसपासच्या खेडुतांनी व कोळ्यांनी सुमारे अडीचशे वर्षे गुप्तपणे श्रद्धा राखली. १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीतील नव्या ख्रिस्तमंदिरात काही गावकरी आले आणि फादर पेतिजाँ यांना त्यांनी आपली ओळख दिली, तेव्हा जगाला ही गोष्ट समजली. इकित्सुकी नावाच्या बेटावर या गुप्त ख्रिस्ती लोकांच्या प्रार्थना ‘ओराशो’ या नावाने तोंडपाठ चालत आल्या, आणि त्यांतील काही गायिल्या जाणाऱ्या पदांत जुन्या लॅटिन गीतांचे शब्द व चाली ओळखू येतात. म्हणणाऱ्यांना लॅटिन येत नव्हते आणि शब्दही घासून गुळगुळीत झाले होते, तथापि बापाने मुलास ते सांगण्यात खंड पडला नाही. आपल्या पुणे धर्मप्रांताचा त्या देशाशी थोडा ऋणानुबंधही आहे. १९०३ साली ‘निरोप्या’ मासिक सुरू करणारे आणि पुढे पुण्याचे महागुरू झालेले हेन्री डोरिंग हे १९२१ पासून १९२७ पर्यंत जपानात हिरोशिमा येथे धर्मसेवा करून पुन्हा पुण्यास परतले होते.

मिलान, श्रीरंगपट्टण आणि नागासाकी या तीन ठिकाणी काळ निराळा, भाषा निराळी, छळणाराही निराळा. परंतु तीन गोष्टी समान दिसतात. गीत सोपे होते. ते सर्वांचे होते, निवडक गाणाऱ्यांचे नव्हते. आणि ते पाठ होते. या तिन्हींपैकी एकही गोष्ट पैशाने विकत मिळत नाही.

आता आपल्या या भागाकडे येऊ. बारामतीचे नाव मराठी वाङ्मयात अजरामर झाले ते कविवर्य मोरोपंतांमुळे. नाईकांच्या आश्रयाने ते येथे राहिले आणि १७९४ साली येथेच निवर्तले. त्यांच्या ‘केकावली’चे नावच मोराच्या केकेवरून, म्हणजे मेघाला घातलेल्या आर्त हाकेवरून आलेले आहे. या मातीत ते नाव किती शोभते! सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वसलेल्या बारामती व इंदापूर या दोन्ही तालुक्यांच्या जिराईत भागात आभाळाकडे पाहणे म्हणजे काय, हे येथील शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. नीरेच्या कालव्याखालचा ऊस हिरवा आणि पलीकडचे माळरान करडे, हे दृश्य आपण रोज पाहतो.

तसेच आषाढवारीत दरवर्षी श्री तुकाराम महाराजांची पालखी बारामतीस व इंदापुरास मुक्कामास येते, आणि बेलवाडीस रिंगण होते. आपला उपासनामार्ग भिन्न आहे. परंतु चांगले जेथे असेल तेथून शिकण्यास ख्रिस्ती माणसाने लाजू नये. त्या दिंडीत चालणाऱ्या किती वृद्ध स्त्रियांना अक्षरओळख नसते, आणि तरी शेकडो अभंग त्यांच्या मुखी असतात! पावसात पोथी भिजेल, पण पाठ केलेला अभंग कसा भिजणार? हीच ठेव रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी ओळखली. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि १९१९ साली ते निवर्तले. एवढ्या चोवीस वर्षांत त्यांनी अभंग व भजन यांच्या वळणावर मराठी ख्रिस्ती गायनाला जो ठसा दिला, तो आपणा कॅथलिकांनाही कृतज्ञतेने मान्य करावा लागेल.

या धर्मग्रामातील वडीलधाऱ्या मंडळींकडून १९७२ च्या दुष्काळाच्या हकीकती मी ऐकल्या आहेत. विहिरी आटल्या, जनावरे विकली गेली, आणि माणसे खडी फोडण्यास व पाझर तलाव खणण्यास दुष्काळी कामांवर गेली. सुकडी आणि मिलो यांवर दिवस काढले. ख्रिस्ती कुटुंबे निरनिराळ्या कामांवर पांगलेली, रविवारी मंदिरास येण्यास सवड नाही. अशा वेळी रात्री पालापुढे बसून जपमाळ म्हणायची आणि शेवटी मरियामातेचे एक गीत म्हणायचे, एवढीच त्यांची उपासना. एक आजी मला म्हणाल्या, “फादर, पोटात नव्हतं, पण गाणं म्हटलं की आपण एकटे नाही एवढं कळायचं.” ख्रिस्तसभा म्हणजे काय, याची इतकी सोपी व्याख्या मी सेमिनरीतील कोणत्याही ग्रंथात वाचली नाही.

उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले, आणि भीमाकाठची कित्येक गावे उठली. पळसदेवचे पुरातन मंदिर पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की ते अजून दिसू लागते. दगडाची वास्तू पाण्याखाली राहते, आणि माणूस मात्र गाठोडे डोक्यावर घेऊन निघतो. त्या गाठोड्यात जागा थोडीच असते. गीताला जागा लागत नाही.

आजही सोमेश्वरनगर, माळेगाव आणि भवानीनगर येथील कारखान्यांच्या गळीत हंगामात बीड आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या जिल्ह्यांतून ऊसतोडणीच्या टोळ्या आपल्या शिवारात येतात. त्यांत काही घरे आपल्या श्रद्धेची असतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत त्यांना सुटी नाही. त्यांचा नाताळ पाचटाच्या कोपीत होतो. आपण तेथे गेलो तर आढळते की, मिस्साविधीतील उत्तरे मुले विसरलेली असतात, परंतु आईने शिकविलेले एखादे नाताळगीत त्यांच्या तोंडी असते. त्या एका गीताला धरून पुढचे धर्मशिक्षण चालू करता येते.

आणि कोरोनाचा काळ तर आपणा सर्वांच्या डोळ्यांपुढचा आहे. २०२० साली मार्च महिन्यात मंदिरांची दारे बंद झाली. १० एप्रिलचा शुभ शुक्रवार आणि १२ एप्रिलचा ईस्टर आपण आपापल्या घरी पाळला. नोव्हेंबरात दारे उघडली, दुसऱ्या लाटेत पहिल्यासारखीच पुन्हा लागली नसती तर बरे, असे वाटत असतानाच २०२१ च्या एप्रिलात ती पुन्हा मिटली, आणि ऑक्टोबरात उघडली. अंत्यविधीस विसांहून अधिक माणसांना परवानगी नव्हती, आणि कित्येकदा तितकीही येऊ शकत नसत. अशा एका दफनाच्या वेळी आम्ही मोजकी माणसे हातहातभर अंतर ठेवून उभी होतो. तोंडे झाकलेली, त्यामुळे कोण रडत आहे हेही दिसत नव्हते. जी बाई गेली होती, तिने आयुष्यभर पहिल्या बाकावर बसून गाइले होते. विधी संपला आणि सर्व स्तब्ध झाले. इतक्यात तिच्या लहान नातीने आजीचे आवडते गीत हळूच सुरू केले, आणि मुखपट्टीआडून एकेक आवाज तिला मिळाला. पुस्तक कोणाच्याही हाती नव्हते. त्या मुलीला ते पाठ होते, कारण आजीने तिला ते भाकरी थापता थापता शिकविले होते.

येथे एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. गीत हे भाकरीच्या जागी देण्याची वस्तू नव्हे. उपाशी बंधूला गोड शब्द सांगून वाटेला लावणाऱ्याचा विश्वास निर्जीव आहे, असे संत याकोबाने आपल्या पत्रात स्पष्ट बजाविले आहे. दुष्काळात चारा, पाणी, औषध आणि फीचे पैसे यांची व्यवस्था न करता आम्ही केवळ भजने म्हणू लागलो, तर ते गायन देवाला मान्य होणार नाही. ज्युबिलीचे शिंग वाजले की जमीन आणि माणूस मोकळा व्हावयाचा होता; नुसता नाद करून काम भागत नव्हते. खरे गायन माणसाला मदतीस धावण्याचे बळ देते, आणि ज्याला मदत पोहोचत नाही त्याला सहन करण्याचे बळ देते.

दुसरा इशारा संत ऑगस्टिन यांचाच आहे. गीताच्या अर्थापेक्षा आवाजाच्या गोडीतच आपले मन गुंतते काय, याची त्यांना चिंता वाटे. परमपूज्य दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, संत सिसिलियाच्या सणाच्या दिवशी, पवित्र संगीताविषयी जो आदेश काढला, त्यात मंदिरातील गायन नाटकी होऊ नये आणि भाविकांनी उपासनेत स्वतः भाग घ्यावा, हाच आग्रह होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा ठराव जाहीर केला, त्यात तर पवित्र संगीतासाठी एक संबंध प्रकरण आहे, आणि ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे तिला योग्य मान द्यावा, असेही सांगितले आहे. म्हणजे पेटी, तबला, टाळ आणि ओवी यांना मंदिराचे दार उघडे आहे. प्रश्न वाद्याचा नाही. गातो कोण, हा प्रश्न आहे.

आणि या प्रश्नाचे आजचे उत्तर मला काळजीत पाडते. आपल्याकडे ध्वनिवर्धक मोठे झाले आणि लोकांचा आवाज लहान झाला. गायकमंडळ उत्तम गाते, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे; परंतु बाकांवरची मंडळी ऐकत बसतात. कोठे कोठे तर मोबाइलवर ध्वनिमुद्रित गीत लावून तेच उपासनेचे गायन समजले जाते. मुलांना शब्द पडद्यावर दिसतात, म्हणून पाठ करण्याची गरज भासत नाही. आपली तरुण मुले चाकरीसाठी पुण्याकडे जातात, भाड्याच्या खोलीत चौघे मिळून राहतात. तेथे आजारपण येईल, नोकरी सुटेल, एखाद्या रात्री मन पार खचून जाईल. त्या रात्री त्यांच्या ओठांवर काय येईल? आपण त्यांना काही दिले असेल, तरच काही येईल.

म्हणून या ज्युबिली वर्षात मी प्रत्येक कुटुंबाकडे दक्षिणा मागतो. ती पैशाची नाही. पहिली गोष्ट अशी की, प्रत्येक घराने या वर्षात दहा गीते पाठ करावीत: नाताळचे, प्रायश्चित्तकाळाचे, ईस्टरचे, पवित्र मरियेचे, आणि एक तरी मृत्यूच्या प्रसंगी म्हणावयाचे. सायंप्रार्थनेच्या शेवटी यंत्र बंद ठेवून त्यांतील एक म्हणावे. सूर चुकला तरी चिंता नाही. दुसरी गोष्ट आजीआजोबांसाठी आहे. आपल्याला जी जुनी गीते येतात ती नातवंडांना शिकवा आणि एखाद्या वहीत उतरवून घ्या, कारण त्यांतील कित्येक कोठेही छापलेली नाहीत, आणि आपल्याबरोबर ती मातीत जातील. तिसरी विनंती गायकमंडळास: आपण लोकांच्या पुढे चाला, पण लोकांना मागे टाकू नका. प्रत्येक मिस्सात निदान दोन गीते अशी घ्या की, शेवटच्या बाकावरील म्हातारीलाही ती म्हणता येतील.

चौथी गोष्ट मी आपल्या धर्मग्रामाच्या वतीने स्वतः अंगावर घेतो. ख्रिस्तपुराण हे आपल्या भाषेचे व आपल्या श्रद्धेचे धन आहे. त्याची देवनागरी आवृत्ती श्री. शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली पुण्यातच प्रसिद्ध केली, आणि तरी आपल्यापैकी किती जणांनी त्यातील एक ओवी ऐकली आहे? येत्या प्रायश्चित्तकाळापासून दर रविवारी मिस्सापूर्वी आपण त्यातील थोड्या ओव्या मोठ्याने वाचू. भाषा जुनी आहे, शब्द अडतील; मी अर्थ सांगेन. श्रीरंगपट्टणाच्या कैद्यांना ज्या ओव्यांनी तारले, त्या आपल्या मंदिरात तरी ऐकू आल्या पाहिजेत.

बंधुभगिनींनो, पुढील संकट कोणत्या रूपाने येईल हे आपणास ठाऊक नाही. दुष्काळ येईल, रोग येईल, की एखाद्या घरावर खाजगी दुःख कोसळेल, हे देव जाणे. त्या दिवशी धर्मगुरू वेळेवर पोहोचेलच, असे वचन मी देऊ शकत नाही. चाळीस कोसांच्या या धर्मग्रामात ते शक्यही नाही. परंतु त्या दिवशी आपल्या घरात कोणीतरी पहिला चरण उचलील आणि दुसरे कोणीतरी त्याला साथ देईल, अशी तयारी आजपासून करणे मात्र आपल्या हाती आहे.

ज्याने क्रूसाकडे जाताना शिष्यांसह स्तोत्र गाइले, तो प्रभू येशू आपल्या ओठांवर आपली स्तुती ठेवो. पवित्र मरियामाता, जिने देवाच्या उपकारांचे गीत एलिझाबेथच्या घरी गाइले, ती आपल्या घरांतून गायन थांबू न देवो. आणि पवित्र त्रैक्याचा आशीर्वाद या धर्मग्रामावर सदैव राहो. आमेन.